पंद : गाजराच्या कुळातील एक रानफूल, आणि गाजरगवताविषयी एक गैरसमज

आपल्या साक्री तालुक्यातील शेतकरीबंधूंस वनस्पतींची कुळे ओळखण्याचे काय प्रयोजन, असा प्रश्न हा लेख पाहून कोणास पडेल. परंतु बांधावर उगवणाऱ्या ज्या वनस्पतीस आपण 'गाजरगवत' म्हणतो, ती गाजराचेच रानटी भावंड असून तितकीच निरुपद्रवी असावी, असा समज पुष्कळांचा असतो. त्या समजापायी ती उघड्या हातांनी उपटली जाते, व टंचाईच्या दिवसांत गुरांपुढेही पडते. नावावरून नाते ठरविल्याने असे नुकसान होते. सबब गाजराचे खरे कूळ कोणते व ते कोणत्या खुणांनी ओळखावे, हे सह्याद्रीतील एका सुंदर रानफुलाच्या आधारे सांगण्याचे योजिले आहे.

या कुळास शास्त्रात अंबेलिफेरी किंवा एपिएसी म्हणतात. मराठीत त्यास चामर कुल असे नाव आहे. गाजर, कोथिंबीर, जिरे, ओवा, बडीशेप, शेपू व हिंग ही सर्व या एकाच कुळाची लेकरे होत. म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातील मसाल्याच्या डब्यात या कुळाचा वाटा मोठा आहे.

या कुळातील जी वनस्पती आपण येथे पाहणार आहोत, तिला पंद असे म्हणतात. डाल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने गेल्या शतकापूर्वीच तिचे वर्णन करून तिला हेराक्लियम या प्रजातीत घातले होते. पुढे १९८६ साली मुखर्जी व कॉन्स्टन्स यांनी पिंडा ही स्वतंत्र प्रजाती मानली, व तेव्हापासून तिचे शास्त्रीय नाव पिंडा कोंकणेन्सिस असे झाले. ती सह्याद्रीवाचून अन्यत्र कोठेही आपोआप उगवत नाही. कास व महाबळेश्वर येथील पठारांवर श्रावण-भाद्रपदात तिची पांढरी फुले गवतातून डोके वर काढून उभी असलेली दिसतात.

पंदाचा कंद जमिनीत राहतो. पावसाळा संपून पठार वाळले म्हणजे वरचा भाग मरून जातो. कंद मात्र आठ महिने निद्रिस्त राहून मृगाच्या सरींबरोबर पुन्हा फुटतो. उथळ मातीच्या कातळावर जगण्याची ही युक्ती होय. मुळाशी येणारी पाने पिसासारखी विभागलेली असून दलांच्या कडा दातेरी असतात. खोडावरील पानांच्या देठाचा तळ फुगून खोडास पिशवीप्रमाणे वेढतो. शेपूचे किंवा बडीशेपेचे एखादे रोप हाती घेऊन पाहावे, म्हणजे देठाचा असाच तळ खोडास बिलगलेला आढळेल. ही या कुळाची पहिली खूण.

दुसरी खूण फुलोऱ्याची. एकाच बिंदूपासून छत्रीच्या काड्यांप्रमाणे अनेक दांडे निघतात, व प्रत्येक दांड्याच्या टोकाशी पुन्हा तशीच लहान छत्री असते. यास संयुक्त चामरकल्प फुलोरा म्हणतात. फुले अगदी लहान. प्रत्येकास पाच पाकळ्या व पाच पुंकेसर. परंतु पंदाच्या छत्रीतील कडेच्या फुलांच्या बाहेरील पाकळ्या इतरांहून पुष्कळ मोठ्या व दुभंगलेल्या असतात. त्यामुळे सारा फुलोरा एकच मोठे फूल असल्याप्रमाणे दुरून कीटकांच्या नजरेस पडतो. धन्याच्या फुलोऱ्यातही हाच प्रकार लहान प्रमाणावर आहे. शंका असल्यास आपल्या वाफ्यातच पाहून घ्यावे.

तिसरी खूण फळाची. आपण ज्यास धन्याचे बी म्हणतो, ते वस्तुतः फळ आहे. ते चोळले असता त्याचे दोन भाग होतात. या प्रत्येक भागास फलांश म्हणतात व त्यात एकेक बी असते. पंदाचे फळ चपटे असून त्याच्या कडा पंखासारख्या पसरट असतात, त्यामुळे वाऱ्याने ते दूर जाते. फळाच्या सालीत तेलाच्या बारीक नळ्या असतात. ओवा, जिरे व बडीशेप यांचा सुवास याच तैलनलिकांतून येतो.

या रचनेचा शेतीशी निकट संबंध आहे. या कुळातील बहुतेक फुलांत पुंकेसर आधी पिकतात व त्याच फुलातील स्त्रीकेसर मागाहून तयार होतो. अर्थात एका फुलाचा पराग दुसऱ्या फुलावर नेण्यास मधमाश्यांची व इतर कीटकांची गरज पडते. धने किंवा बडीशेप फुलावर असता विषारी औषधाची फवारणी केल्यास आपणच आपले दाणे कमी करून घेतो. शिवाय या उघड्या फुलांतील मध आखूड तोंडाच्या कीटकांसही मिळतो. मावा खाणाऱ्या अळ्या ज्यांच्या पोटी जन्मतात, त्या सिरफिड माश्या अशा फुलांवर आवर्जून येतात. म्हणून पिकाच्या कडेस धन्याच्या किंवा शेपूच्या दोन ओळी फुलू देणे हितकारक आहे.

आता गाजरगवताकडे वळू. त्याचे शास्त्रीय नाव पार्थेनियम. ते मूळचे अमेरिका खंडातील असून १९५५ साली पुण्यात त्याची नोंद झाली व तेथून पुढे ते देशभर फोफावले. त्याचे पान गाजरासारखे चिरलेले असते, एवढ्यावरच नाव पडले. कूळ मात्र सूर्यफुलाचे आहे. त्याचा फुलोरा छत्रीचा नव्हे. त्याचे प्रत्येक 'फूल' म्हणजे अनेक सूक्ष्म फुलांचा एकत्र गड्डा असतो. देठाचा तळ खोडास पिशवीसारखा वेढीत नाही, व फळ दुभंगत नाही. त्याच्या संसर्गाने अंगास खाज सुटते, कित्येकांस दम्याचा त्रास होतो, व ते खाणाऱ्या गुरांच्या दुधास कडवटपणा येतो. एक झाड हजारो बिया टाकते. करिता फुलावर येण्यापूर्वीच, जमीन ओली असता, हातमोजे घालून ते मुळासकट उपटावे. त्याची पाने खाणारा मेक्सिकन भुंगेराही १९८४ पासून आपल्या देशात सोडण्यात आला आहे. तो दिसल्यास मारू नये.

मात्र खरे चामर कुल ओळखले म्हणजे ते सर्वस्वी निर्धोक, असेही समजू नये. ख्रिस्तपूर्व ३९९ मध्ये सॉक्रेटिसास दिलेले विष याच कुळातील हेमलॉकचे होते. कॉकेशसकडील मोठ्या हेराक्लियमचा रस अंगास लागून ऊन पडल्यास फोड येतात. ज्या कुळाने आपणांस जिरे दिले, त्यानेच विषही दिले आहे. म्हणून रानातील अनोळखी छत्रीफुलाचा कंद किंवा पाला, केवळ कोथिंबिरीसारखा दिसतो एवढ्यावरून, तोंडात घालू नये व मुलांसही घालू देऊ नये.

साक्रीच्या पश्चिमेस पिंपळनेर व कोंडाईबारीकडील डोंगरांत ज्यांचे जाणे-येणे आहे, त्यांनी भाद्रपदात अशा छत्रीफुलांकडे लक्ष द्यावे. आढळल्यास कंद न उपटता पान, फुलोरा व पिकलेले फळ यांचा नमुना कागदात दाबून धुळ्याच्या कृषि महाविद्यालयात दाखवावा. कंद उपटला की त्या ठिकाणचे ते झाड कायमचे जाते. जे उपटावयाचे ते गाजरगवत आहे व जे राखावयाचे ते हे रानफूल आहे. यांतील भेद देठ, छत्री व फळ या तीन खुणांनी कोणासही करता येतो.