व्हॉल्यूम शेपर की मॉड्युलेशन? काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

लॅपटॉपवर गाणं बांधणाऱ्याला हा पेच फार लवकर पडतो. किक आणि बेस एकमेकांना झाकतायत, पॅड ठोकळ्यासारखा एका जागी उभा आहे आणि समोर प्लगइनची लांबलचक यादी. एकीकडे केबलगाइजचा व्हॉल्यूमशेपर, किकस्टार्ट, एक्सफरचं एलएफओ टूल. दुसरीकडे कोरस, फ्लँजर, फेझर. यातलं नेमकं काय घ्यायचं, याबद्दलचे सल्ले भरपूर मिळतात आणि त्यांतले बरेच अर्धवट असतात. त्यातल्या नेहमीच्या समजुती तपासून पाहू.

गैरसमज 1: मॉड्युलेशन आणि व्हॉल्यूम शेपिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

वस्तुस्थिती: व्हॉल्यूम शेपिंग हाही मॉड्युलेशनचाच एक प्रकार आहे. आवाजाचा एखादा गुण ठरावीक आकारात सतत हलवत ठेवणं म्हणजे मॉड्युलेशन. व्हॉल्यूम हलवला की ट्रेमोलो किंवा पंपिंग, स्वराची उंची हलवली की व्हायब्रेटो, डावी-उजवी बाजू हलवली की ऑटो-पॅन. कोरस आणि फ्लँजरमध्ये हलतो तो डिले: कोरसमध्ये साधारण 20 मिलिसेकंदांच्या आसपासचा, फ्लँजरमध्ये जेमतेम काही मिलिसेकंदांचा. 1976 मध्ये आलेल्या बॉसच्या सीई-1 पेडलवर कोरस आणि व्हायब्रेटो दोन्ही होते, कारण मुळात यंत्रणा एकच. हलणाऱ्या डिलेत मूळ आवाज मिसळला की कोरस, मूळ आवाज काढून टाकला की व्हायब्रेटो. म्हणून ‘कोणतं प्लगइन?’ या प्रश्नाआधी ‘आवाजातलं काय हलवायचं?’ हा प्रश्न विचारायला हवा.

गैरसमज 2: व्हॉल्यूम शेपर म्हणजे सोपा करून दिलेला साइडचेन कंप्रेसर.

वस्तुस्थिती: दोघांचा परिणाम कधीकधी सारखा ऐकू येतो, पण दोघे वेगवेगळ्या गोष्टींकडे बघून काम करतात. साइडचेन लावलेला कंप्रेसर किक ऐकतो. किकची पातळी थ्रेशोल्डच्या वर गेली की तो बेस दाबतो. किक जोरात वाजली तर जास्त, हळू वाजली तर कमी. त्याचा अटॅक आणि रिलीज ठरवता येतो, पण बेस कोणत्या आकारात खाली जाईल आणि वर येईल हे बोटाने काढून दाखवता येत नाही. शिवाय किक ऐकल्यावरच तो हलतो, त्यामुळे लुकअहेड नसेल तर किकच्या पहिल्या टोल्याशी बेसची टक्कर होऊन गेलेली असते.

व्हॉल्यूम शेपर नेहमीच्या वापरात काहीच ऐकत नाही, तो प्रोजेक्टचं घड्याळ बघतो. 128 बीपीएमवर एक बीट 468.75 मिलिसेकंदांची असते. त्या प्रत्येक बीटला तुम्ही काढलेला कर्व्ह तो जसाच्या तसा चालवतो. किक वाजायच्या किंचित आधीच बेस खाली आणता येतो आणि किक नसलेल्या भागातही पंपिंग चालू ठेवता येतं. डाफ्ट पंकच्या 2000 सालच्या ‘वन मोअर टाइम’मध्ये अख्खं गाणं जसं श्वास घेतल्यासारखं वाटतं, ती चाल कंप्रेसरमधून आली होती. आज तशी चाल हवी असेल तर ती सरळ कर्व्हने काढता येते.

मात्र घड्याळावर चालणं हीच त्याची मर्यादाही आहे. क्लिकशिवाय रेकॉर्ड केलेली ढोलकी क्षणात पुढे जाते, क्षणात मागे रेलते. तिथे घड्याळाचा कर्व्ह चुकीच्या जागी खड्डा पाडतो. अशा वेळी साइडचेन कंप्रेसर वापरावा, नाहीतर किकस्टार्ट 2 सारख्या शेपरमधला ऑडिओ ट्रिगर. त्यात कर्व्ह तुमचाच राहतो, पण तो सुरू होतो प्रत्यक्ष ठोक्यावर.

गैरसमज 3: बेस जितका खोल दाबाल तितकी किक दमदार.

वस्तुस्थिती: टक्कर मुख्यतः तळाच्या पट्ट्यात असते. चार तारांच्या बेस गिटारचा सर्वांत खालचा स्वर 41.2 हर्ट्झचा आणि किकचा गाभाही बहुधा 50-60 हर्ट्झच्या आसपास. त्याच जागेत सारख्या पातळीचे दोन आवाज एकाच फेजमध्ये आले तर बेरीज 6 डेसिबलपर्यंत वाढते आणि लिमिटर घुसमटतो. त्यावर उपाय म्हणजे मल्टिबँड सोय असलेला शेपर घेऊन, उदाहरणार्थ 120 हर्ट्झच्या खालचा पट्टाच दाबणं. बेसची वरची झणझण तशीच राहते आणि गाणं पोकळ होत नाही. पुष्कळदा 3 ते 6 डेसिबल पुरतात. पूर्ण शून्यापर्यंत नेणं हा शैलीचा भाग असेल तर जरूर न्यावं, पण मग तो परिणाम लोकांना ऐकू यावा असाच हवा.

कर्व्हची धार फार तीक्ष्ण ठेवू नये. 50 हर्ट्झची एक लाट पूर्ण व्हायला 20 मिलिसेकंद लागतात. लाटेच्या मध्येच आवाज कापला तर ‘टक्’ असा क्लिक येतो. कर्व्हच्या कोपऱ्याला थोडी गोलाई दिली की तो जातो.

गैरसमज 4: एलएफओचा (व्हॉल्यूम वगैरे हलवत ठेवणाऱ्या मंद लाटेचा) वेग वाढवला की फक्त लय जलद होते.

वस्तुस्थिती: साधारण 20 हर्ट्झपर्यंत हे खरं आहे. त्यापुढे कानाला वेगळे ठोके ऐकू येत नाहीत, नवे स्वर ऐकू येतात. 440 हर्ट्झच्या शुद्ध स्वराचा व्हॉल्यूम 100 हर्ट्झने हलवला तर 340 आणि 540 हर्ट्झ हे दोन स्वर त्यात येऊन बसतात, आणि ते गाण्याच्या सुरात बसतीलच असं नाही.

गैरसमज 5: चार मात्रांचा कर्व्ह कुठेही चालतो.

वस्तुस्थिती: शेपरमधले तयार कर्व्ह बहुतेक 4/4 गृहीत धरून केलेले असतात. मराठी गाण्यात रूपक आला की ते फसतात. चार मात्रांचा कर्व्ह सात मात्रांच्या आवर्तनावर चालवला तर दोघांची सुरुवात 28 मात्रांनंतर पुन्हा जुळते. शिवाय रूपकाचा ठेका ‘तीं तीं ना, धी ना, धी ना’ असा. तबल्यातल्या बायाँचा घुमार चौथ्या आणि सहाव्या मात्रेवर, पहिल्या मात्रेवर नाही. तेव्हा सिंथ-बेसला बायाँसाठी जागा करून द्यायची तर सात मात्रांचा कर्व्ह घ्यावा आणि खड्डे चौथ्या-सहाव्या मात्रेवर ठेवावेत. पहिल्याच मात्रेवर खड्डा देणारा तयार कर्व्ह इथे उलटा पडतो. प्रोजेक्टचं टाइम सिग्नेचर 7/4 केलं तरी प्लगइनमधली कर्व्हची लांबी वेगळी तपासावी.

गैरसमज 6: कोरस लावला की आवाज रुंद होतो, तोटा काही नाही.

वस्तुस्थिती: हेडफोनवर तो रुंद होतो. मोनोत मात्र हिशेब बदलतो. एकच आवाज 10 मिलिसेकंद उशिराने तेवढ्याच पातळीवर मूळ आवाजात मिसळला तर 50, 150, 250 हर्ट्झ अशा ठिकाणी तो स्वतःलाच खोडतो. कोरसमध्ये डिले हलत असल्यामुळे हे खड्डेही हलत राहतात. पॅडवर हे खपतं, किंबहुना हवंही असतं. बेसवर तळच सैल होतो. बेसला कोरस द्यायचाच असेल तर तळ वेगळा काढून कोरडा ठेवावा आणि एकदा मोनो करून ऐकावं. छोटे ब्लूटूथ स्पीकर बरेचदा मोनोच असतात.

गैरसमज 7: प्लगइन कोणत्याही क्रमाने लावा, फरक पडत नाही.

वस्तुस्थिती: शेपर आधी आणि रिव्हर्ब नंतर असेल तर कर्व्हने पाडलेले खड्डे रिव्हर्बच्या शेपटीने भरून निघतात आणि पंपिंग मऊ होतं. उलट क्रम ठेवला तर शेपटीही बीटबरोबर दबते आणि किकभोवतीची जागा मोकळी होते. दोन्ही क्रम योग्यच आहेत, आपल्याला काय हवं ते ठरवून निवडावेत.

गैरसमज 8: यासाठी प्लगइन विकत घ्यावंच लागतं.

वस्तुस्थिती: एबलटन लाइव्हच्या ऑटो पॅनमध्ये फेज 0 अंशावर आणली की तो ट्रेमोलोसारखा चालतो आणि टेम्पोशी बांधता येतो. रीपरमध्ये प्लगइनच्या पॅरामीटरला एलएफओ किंवा दुसऱ्या ट्रॅकचा आवाज जोडता येतो. लॉजिकमध्ये ट्रेमोलो, कोरस, फ्लँजर, फेझर आधीपासूनच आहेत. आणि व्हॉल्यूमची ऑटोमेशन लाइन तर प्रत्येक डीएडब्ल्यूमध्ये असते.

मग पैसे कशावर खर्च करावेत? स्थिर टेम्पोचं नृत्यसंगीत करत असाल आणि किक-बेसची जागा हाच तुमचा रोजचा प्रश्न असेल, तर साधा व्हॉल्यूम शेपर पुरेसा आहे. व्हॉल्यूमबरोबर फिल्टर, पॅन हेही एकाच कर्व्हपद्धतीने हलवायचं असेल तर शेपरबॉक्ससारखा संच किंवा एलएफओ टूल घ्यावं. पॅड किंवा गिटारला रंग हवा असेल तर शेपरच्या वाटेला न जाता कोरस-फेझरकडे वळावं. आणि हाताने वाजवलेल्या, मोकळ्या लयीच्या तालवाद्यांवर काम असेल तर आहे त्या साइडचेन कंप्रेसरवरच हात बसवावा. खरेदीचं बटण दाबण्यापूर्वी एक गाणं आपल्या डीएडब्ल्यूमधल्या साधनांनी पुरं करून बघा. ते करताना जी उणीव खरोखर जाणवेल, तेवढी भरून काढणारंच प्लगइन विकत घ्या.