झाकण कोण धरतं?

नागोठण्याहून पुढे वाकणला आलं की एक रस्ता रोह्याकडे वळतो. त्याच रस्त्यावर आमडोशीला सुप्रीम पेट्रोकेमचा कारखाना आहे. १९९५ पासून तिथे पॉलिस्टायरीनचा दाणा तयार होतो. अलीकडे इटलीच्या वर्सालिस कंपनीचं तंत्रज्ञान घेऊन एबीएस या प्लास्टिकचा प्रकल्पही तिथे हाती घेतला गेला. मुंबई-गोवा महामार्गाला लागून असलेला दुसरा, मोठा कारखाना मूळचा आयपीसीएल या सरकारी कंपनीचा. उरणहून नळाने येणाऱ्या वायूपासून प्लास्टिक बनवायला तो उभा राहिला. २००२ मध्ये त्याची सूत्रं रिलायन्सकडे गेली आणि २००७ मध्ये कंपनीच विलीन झाली. तिथून पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे पीपी, बाहेर पडतं. या दाण्यासाठी गावाने किंमतही मोजली आहे. नोव्हेंबर १९९० मध्ये गॅसगळतीनंतर झालेल्या स्फोटात तीसहून अधिक माणसं गेली, हे इथले जुने लोक विसरलेले नाहीत.

घरातला व्हॅक्यूम क्लीनर, विशेषतः चाकांवर मागे मागे येणारा डब्यासारखा प्रकार, घेतला तर त्याचा जवळजवळ सगळा देह याच कुळातल्या प्लास्टिकचा असतो. वरचं चकचकीत कवच एबीएसचं, खालचा डबा बहुधा पीपीचा, स्वस्त यंत्रात काही भाग एचआयपीएसचे, म्हणजे रबराचे सूक्ष्म कण मिसळून चिवट केलेल्या पॉलिस्टायरीनचे. ज्या थर्माकोलमध्ये बसून तो दुकानात येतो, त्याचे मणीही आमडोशीतल्या कारखान्यात बनणाऱ्या मालापैकीच एक. जाहिरातीत मात्र या कवचाबद्दल अवाक्षर नसतं. तिथे वॅट असतात. यंत्र आठवडाभरात डोक्याला ताप देणार की दहा वर्षं निमूट काम करणार, हे वॅटपेक्षा कवचावर आणि त्याच्या झाकणाच्या खटक्यावर जास्त ठरतं, असं माझं मत आहे. ते का, हे सांगण्यासाठीच हा लेख.

आधी एक प्रश्न. यंत्र चालू असताना झाकण जागेवर कोण धरून ठेवतं? बहुतेकांचं उत्तर असतं, खटका. ते चूक आहे.

मोटर आतली हवा बाहेर फेकते, त्यामुळे डब्यातला दाब उतरतो. बाहेर वातावरणाचा दाब आहे तेवढाच राहतो, म्हणजे समुद्रसपाटीला दर चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलो. चांगला घरगुती व्हॅक्यूम क्लीनर, नळीचं तोंड पूर्ण बंद केलं तर, आतला दाब त्याच्या एक पंचमांशाने खाली आणू शकतो. म्हणजे झाकणाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरला बाहेरची हवा २०० ग्रॅमने आत ढकलते. ऐकायला किरकोळ वाटतं. पण ३० सेंटिमीटर व्यासाच्या गोल झाकणाचं क्षेत्रफळ भरतं सुमारे ७०० चौरस सेंटिमीटर, आणि एकूण भार होतो १४० किलोच्या घरात. दोन धडधाकट माणसं झाकणावर उभी राहिली तर जेवढा होईल तेवढा. नेहमीच्या वापरात नळीचं तोंड उघडं असतं म्हणून हा आकडा बराच खाली राहतो, पण गालिच्याला तोंड चिकटलं किंवा नळीत मोजा अडकला की तो क्षणात चढतो.

म्हणून तर या डब्यांची झाकणं सपाट नसतात. सपाट पत्रा असा भार आला की मध्ये खचतो, कडा उचलल्या जातात आणि हवा गळू लागते. घुमटाकार झाकण तोच भार कडांकडे वाहून नेतं. डबाही शक्यतो गोल असतो, कारण गोल भिंत सगळीकडून सारखी दाबली जाते. चौकोनी, देखण्या यंत्राचं झाकण उलटं करून पाहा. आतून उभ्याआडव्या बारीक पट्ट्यांची जाळी दिसेल. त्या रिब. भिंत अडीच-तीन मिलिमीटरची आणि रिब तिच्या साधारण निम्म्या जाडीची, असा कारखान्यातला अंदाज. रिब त्याहून जाड केली तर प्लास्टिक थंड होताना बाहेरच्या गुळगुळीत बाजूला खळगा पडतो आणि गिऱ्हाईक म्हणतं, माल खराब आहे.

मग खटका कशाला? त्याची गरज मोटर चालू व्हायच्या आधी आणि बंद झाल्यावर असते. पहिल्या क्षणी आत निर्वात नसतो. तेव्हा झाकणाच्या कडेची रबरी पट्टी चारी बाजूंनी टेकलेली असावी लागते, नाहीतर दाब उतरतच नाही. एक मिलिमीटरची फट दहा सेंटिमीटर लांब राहिली तर भोक होतं एक चौरस सेंटिमीटरचं. ३२ मिलिमीटरच्या नळीचं तोंड आठ चौरस सेंटिमीटरचं असतं, पण नळी लांब आणि अडथळ्याची, फट मात्र अगदी जवळची. हवा सोपी वाट धरते. जमिनीवरची धूळ तशीच राहते आणि मोटर जोरजोरात ओरडत असते. खटक्याने ती रबरी पट्टी थोडी दाबून धरली की पुढचं काम वातावरण करतं.

दुसरं काम उचलण्याचं. डब्यासारख्या यंत्रात मोटर बहुधा वरच्या डोक्यात असते आणि मूठही तिथेच. मूठ धरून जिना चढताना खालचा डबा, त्यातली धूळ किंवा शोषलेलं पाणी, हे सगळं ओझं दोन खटक्यांवर लटकतं. दहा लिटर पाणी म्हणजे दहा किलो. पायरीवर आदळलं की त्याचा क्षणिक भार कितीतरी पट. खटका तुटतो तो बहुतेक वेळा जिन्यावर, झाडताना नव्हे.

तिसरं, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं: माणसं यंत्र नळीने ओढतात. पत्रकात काहीही लिहिलेलं असो, सगळेच ओढतात. नळी झाकणातून आत जात असेल तर प्रत्येक हिसका झाकणाला उपटू पाहतो. नळी खालच्या डब्यात शिरत असेल तर तोच हिसका चाकांवर जातो. दुसरी रचना नेहमी बरी. एवढी साधी गोष्ट असून कित्येक मॉडेल पहिल्या रचनेची निघतात, कारण ती दिसायला सुटसुटीत असते.

खटके मुख्यतः दोन जातींचे. एक बाजूला लागणारी कडी, स्टीलच्या जेवणाच्या डब्याला असते तशी. ती ओढली की मधल्या बिंदूपर्यंत जोर लागतो आणि तो ओलांडला की स्वतःच घट्ट बसते. भार जेवढा वाढेल तेवढी ती बंद होण्याकडेच झुकते. पाणी ओढणाऱ्या मोठ्या यंत्रांना हीच असते आणि तीच योग्य. दुसरी जात म्हणजे प्लास्टिकची लवचीक जीभ, टोकाला आकडी. झाकण दाबलं की जीभ मागे वाकते, आकडी खाचेत पडते, ‘टक्’ असा आवाज येतो. घरगुती यंत्रांत हीच जास्त.

या जिभेचं गणित शाळेतल्या मुलालाही समजेल. जीभ वाकताना तिच्या मुळाशी प्लास्टिक किती टक्के ताणलं जातं हे काढायचं, तर जिभेची जाडी गुणिले ती किती वाकते ते गुणिले दीड, त्याला लांबीच्या वर्गाने भागायचं आणि टक्क्यांसाठी शंभराने गुणायचं. जाडी दोन मिलिमीटर, वाकणं दीड मिलिमीटर, लांबी दहा मिलिमीटर असेल तर ताण साडेचार टक्के. लांबी पंधरा केली की दोन टक्के. वीस केली की एकाहून किंचित जास्त. रोजच्या उघडझापीसाठी एबीएसमध्ये दोन टक्क्यांच्या आसपास थांबावं लागतं. म्हणजे जीभ नुसती पाच मिलिमीटरने जास्त लांब ठेवली की तिचं आयुष्य बदलतं. आणि हेच पाच मिलिमीटर आखणी करणारा देखणेपणासाठी कापतो.

जीभ कुठे मोडते? मुळाशी, जिथे ती भिंतीतून निघते. तिथे कोपरा टोकदार ठेवला तर सगळा ताण एका रेषेवर येतो. जाडीच्या निम्म्याइतकी गोलाई दिली तर तो पसरतो. आणखी एक छुपा शत्रू असतो. साच्यात वितळलेलं प्लास्टिक एखाद्या भोकाला वळसा घालून पलीकडे पुन्हा एकत्र येतं, तिथे बारीक सांधा राहतो. डोळ्याला तो केसाएवढा दिसतो किंवा दिसतच नाही, पण ती जागा कायमची कमकुवत. तो सांधा जिभेच्या मुळाशी येऊ नये म्हणून साच्यात प्लास्टिक कुठून सोडायचं ते आधी ठरवावं लागतं. नंतर दुरुस्ती करायची तर साचाच खोदावा लागतो आणि तो खर्च कोणीच आनंदाने करत नाही.

आकडीच्या अगदी खाली किंवा समोर अनेकदा एक चौकोनी भोक असतं. ते हवेसाठी आहे असं लोकांना वाटतं. ते साच्यासाठी असतं. आकडीच्या आतल्या बाजूला प्लास्टिक अडकून वस्तू साच्यातून सुटणार नाही, म्हणून साच्याचा दुसरा अर्धा भाग त्या भोकातून आत येऊन आकडीची खालची बाजू घडवतो. नाहीतर सरकणारा वेगळा तुकडा लागतो आणि साचा महाग होतो. नीट पाहिलं तर साच्याची अशी सगळी हकीकत वस्तूवर लिहिलेली असते.

आता कोणतं प्लास्टिक कुठे, याचंही कारण आहे. पीपी थंड होताना एक ते अडीच टक्के आकसतं, एबीएस अर्ध्या टक्क्याच्या आसपास. ३० सेंटिमीटरच्या झाकणात पीपी तीन ते साडेसात मिलिमीटर आकसणार, तेही सगळीकडे सारखं नाही. म्हणून नेमक्या मापाचं झाकण एबीएसचं. पण पीपी हलकं, पाण्याला दाद न देणारं, आणि त्याची पातळ घडी हजारो वेळा दुमडली तरी तुटत नाही. त्यामुळे डबा आणि बिजागरी पीपीची.

हा डब्यासारखा आकार आला कुठून, ते थोडक्यात. स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्सने १९२१ मध्ये घसरपट्ट्यांवर सरकणारं आडवं नळकांडं बाजारात आणलं आणि पुढचे सगळे त्याचेच वंशज. त्याच इलेक्ट्रोलक्सच्या भागीदारीत फोर्ब्जने १९८२ मध्ये युरेका फोर्ब्ज सुरू केली. टाय लावलेला विक्रेता दारात येऊन गादीतली धूळ काढून दाखवतोय, हे दृश्य मुंबई-पुण्याच्या त्या पिढीला ठाऊक आहे. वॅटचं वेड मात्र आपल्याकडे उतरलं नाही. युरोपने २०१४ मध्ये व्हॅक्यूम क्लीनरला १६०० वॅटची आणि २०१७ मध्ये ९०० वॅटची मर्यादा घातली. घरं काही अस्वच्छ झाली नाहीत, कारण गळती बंद केली, नळी सुधारली की कमी वॅटमध्ये तेवढीच धूळ निघते.

आपल्या भागाची धूळ वेगळी, हेही लक्षात घ्यावं. पनवेल ते इंदापूर हा ८४ किलोमीटरचा महामार्ग रुंद करायचं काम २०११ पासून चाललं. नागोठणं त्या पट्ट्यातलंच. पेण, हमरापूर, जोहे इथल्या गणपतीच्या कारखान्यांत घासकामातून प्लास्टरची पांढरी भुकटी उडते. ती इतकी बारीक की कापडी पिशवीची छिद्रं लवकर बुजवते. छिद्रं बुजली की आतला दाब आणखी उतरतो, झाकणावरचा भार वाढतो, मोटरला थंड करणारी हवा कमी पडते. चांगल्या यंत्रात अशा वेळी एक छोटी झडप उघडून थोडी हवा आत घेते. पाण्यात मिसळायच्या आधी सांडलेलं कोरडं प्लास्टर कधीही पाणी असलेल्या डब्यात ओढू नये. ते आत घट्ट बसतं आणि मग छिन्नी लागते. बारीक कण रबरी पट्टीवर बसले तरी झाकण पूर्ण टेकत नाही. ओल्या फडक्याने ती पट्टी पुसली तर निम्म्या तक्रारी तिथेच संपतात.

काही यंत्रांत पिशवी नसेल तर झाकण लागतच नाही, अशी मुद्दाम अडचण ठेवलेली असते. पिशवीविना धूळ थेट मोटरमध्ये जाऊ नये म्हणून. ते न समजता लोक झाकण हाताने रेटतात आणि जीभ मोडून घेतात. खटका कडक झाला म्हणून खोबरेल लावणं हा आपल्याकडचा दुसरा उद्योग. तेलाने ताणाखालच्या पॉलिस्टायरीनला तडे जातात. फ्रिजच्या आतल्या अस्तराला लोणी-तुपामुळे पडतात ते हेच तडे. लावायचंच असेल तर सिलिकॉन लावा. आणि यंत्र गॅलरीत उन्हात ठेवू नका. एबीएस पिवळं आणि ठिसूळ होतं, पीपीचंही ऊन वैरी.

तेव्हा दुकानात गेल्यावर वॅटचा आकडा विचारण्याआधी झाकण दहा-पंधरा वेळा उघडा आणि लावा. जीभ लांब आहे का, मुळाशी गोलाई आहे का, ते बोट फिरवून बघा. नळी झाकणात शिरते की डब्यात, ते पाहा. डबा भरल्याचं धरून मूठ उचलून हिसका द्या. विक्रेता कपाळावर आठ्या घालेल, घालू दे. आणि शेवटी एकच प्रश्न विचारा: हा खटका आणि ही रबरी पट्टी सुटी मिळते का, आणि किती रुपयांना? उत्तर नाही असं आलं तर दुसरं दुकान गाठा.