जखम भरवणारी बटणं

सोलापूरजवळच्या कुंभारीत विड्या वळणाऱ्या बायकांच्या मांडीवर सूप आणि हातात कात्री. तेंदूचं पान कापता कापता कधी बोटही कापलं जातं. अक्कलकोट रस्त्यावरच्या या गावात विडी कामगार महिलांसाठी कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकर यांच्या नावाने 10,000 घरं उभी राहिली. तिथे असं बोट नवलाचं नाही. चिंधी बांधायची आणि पुढची विडी वळायची. त्या चिंधीखाली मात्र मोठी धांदल उडालेली असते.

जखमेवर जमलेल्या प्लेटलेट्स ग्रोथ फॅक्टर नावाची प्रथिनं सोडतात. गंमत म्हणजे निरोप द्यायला त्यांना पेशीच्या आत शिरावं लागत नाही! ती बाहेरूनच पेशीच्या रिसेप्टरला चिकटतात. मग शेजारशेजारचे दोन रिसेप्टर जोडी जमवतात, आत लोंबणारी त्यांची टोकं जागी होतात आणि एकमेकांवर फॉस्फेट चिकटवतात. हे काम करणारं प्रथिन म्हणजे कायनेज. पुढे आतलं रॅस नावाचं प्रथिन जागं होतं, ते राफ या दुसऱ्या प्रथिनाला उठवतं, राफ मेकला आणि मेक एर्कला. काही मिनिटांत एर्क केंद्रकात पोचतं आणि पेशीला हुकूम मिळतो: वाढ, एकाची दोन हो.

माणसाच्या जनुकांत अशा 500 हून अधिक कायनेजची कृती लिहिलेली आहे. फॉस्फेट काढून टाकणारी फॉस्फेटेजही आहेत, आणि मला तीच जास्त थोर वाटतात. सुरू झालेलं वेळेवर थांबलं, तरच जखम भरून त्वचा पुन्हा सपाट होते.

या ग्रोथ फॅक्टरचा शोध लागला कसा? शास्त्रज्ञ रिटा लेव्ही-मोंताल्चिनी 1952 मध्ये त्याच्याच शोधात गाठी असलेले उंदीर हँडबॅगेत घालून विमानाने रिओला गेल्या! त्यांचे सहकारी स्टॅन्ली कोहेन यांनी उंदराच्या लाळग्रंथीचा अर्क नवजात पिल्लांना टोचला, तर पिल्लांचे डोळे कितीतरी दिवस आधीच उघडले. त्या अर्कात होता ईजीएफ, त्वचेच्या पेशी वाढवणारा घटक. तो माणसाच्या लाळेतही असतो. दोघांना 1986 चं नोबेल मिळालं.

कायनेजवर काम करणारे शास्त्रज्ञ टोनी हंटर यांची गोष्ट तर आणखी मजेदार. 1979 मध्ये त्यांनी प्रयोगात जुनंच द्रावण वापरलं. त्याची आम्लता बदललेली होती, म्हणून नेहमी एकावर एक येणारे दोन ठिपके वेगळे झाले. कायनेज प्रथिनातल्या टायरोसिन या अमिनो आम्लावरही फॉस्फेट लावतात, हे जगाला असं कळलं.

वाढीचं हे बटण चालू स्थितीतच अडकून बसलं तर? तंबाखूने होणाऱ्या तोंडाच्या कर्करोगात ईजीएफचा रिसेप्टर पेशीवर बहुतेक वेळा बेसुमार वाढलेला असतो. सोलापूर जिल्ह्याला हा आजार चांगला ठाऊक आहे. देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी 1987 मध्ये याच जिल्ह्यातल्या बार्शीत सुरू झाली. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने डोकं-मानेच्या कर्करोगाच्या 536 रुग्णांवर चाचणी घेतली. केमो आणि रेडिएशनच्या जोडीला ईजीएफचा रिसेप्टर अडवणारं निमोटुझुमॅब हे औषध दिलं, तेव्हा आजार जास्त काळ आटोक्यात राहिला.

आणि त्याच ईजीएफचं जेल हैदराबादेत तयार होतं, मधुमेहींच्या पायाची न भरणारी जखम भरावी म्हणून. तोंडात जे अडवायचं, तेच पायाला चोळायचं!