हात वर जात नाही, कुशीवर झोपवत नाही. खांद्याच्या दुखण्याचं निदान नेमकं होतं कसं?

सुरुवात कधी झाली, हे बहुतेकांना नीटसं सांगता येत नाही. मांडणीवरचा डबा काढताना एक कळ येते. वेणी घालताना किंवा ब्लाउजचा हुक लावताना हात मागे नेववत नाही. मागच्या खिशातलं पाकीट काढायला, लोकलमध्ये वरचं कडं धरायला नको वाटतं. मग बाम लावला जातो, गरम पाण्याची पिशवी येते. घरात कुणी म्हणतं गारठा लागला असेल, कुणी म्हणतं शीर दबली असेल. केमिस्टकडून आणलेल्या गोळीने दोन दिवस बरं वाटतं आणि गोळी संपली की पुन्हा ठणका सुरू. असे दोन-तीन महिने सहज निघून जातात.

त्यानंतर सुरू होते ती दवाखान्यांची फेरी. एका ठिकाणी मानेचा एक्स-रे निघतो आणि 'स्पाँडिलायटिस' हा शब्द हाती पडतो. दुसरीकडे खांद्याचा एमआरआय होतो, त्यात टेंडन झिजल्याचं लिहिलेलं असतं. तिसरीकडे कुणी 'फ्रोझन शोल्डर' म्हणतं. फाईल जाड होत जाते, हात मात्र तिथंच अडकलेला.

असं का होतं? तीन डॉक्टर तीन नावं का सांगतात? आणि योग्य नाव सापडावं म्हणून पेशंटला स्वतःला काय करता येतं?

दुखतं एकीकडे, बिघाड दुसरीकडे

खांद्याची पहिली गंमत अशी, की खांदा बिघडला तरी दुखतो बहुतेक वेळा दंड. दंडाच्या बाहेरच्या बाजूला, खांदा आणि कोपर यांच्या साधारण मध्यावर पेशंट हात ठेवतो आणि 'इथे दुखतंय' असं सांगतो. तिथे दाबून पाहिलं तर फारसं काही सापडत नाही. कारण खांद्याच्या सांध्याकडून आणि दंडाच्या त्या भागाकडून येणाऱ्या संवेदना मानेतल्या साधारण त्याच मज्जातंतूंमार्फत मेंदूकडे जातात. मेंदूला दुखण्याचा नेमका पत्ता लागत नाही आणि तो ते दंडावर टाकून मोकळा होतो. दंडाला तेल चोळून चोळूनही फरक पडत नाही, त्यामागे अनेकदा हेच कारण असतं.

मानेचं दुखणं याच्या उलट वागतं. मानेतली नस दबली, तर कळ मानेतून किंवा फऱ्यातून निघून कोपराच्या खाली, थेट बोटांपर्यंत उतरते. सोबत मुंग्या येतात, बधीरपणा येतो. मुंग्या कुठल्या बोटाला येतात, यावरून डॉक्टर कुठली नस असेल याचा अंदाज बांधतात: अंगठ्याकडची एक, मधल्या बोटाची दुसरी, करंगळीची तिसरी. अशा पेशंटपैकी काहींना हाताचा पंजा डोक्यावर ठेवून बसलं की आराम पडतो. खांदाच बिघडला असेल तर याच स्थितीत उलट कळ येण्याची शक्यता जास्त.

तिसरा प्रकार मनगटाचा. मनगटातून जाणारी नस दबली की रात्री हाताला मुंग्या येऊन जाग येते आणि हात झटकल्यावर बरं वाटतं. हे दुखणंही कधीकधी वर दंडापर्यंत चढतं आणि पेशंट खांदा दाखवायला येतो.

म्हणून 'कुठे दुखतं?' या प्रश्नाच्या उत्तरावर निदान ठरत नाही. त्याहून उपयोगाचा प्रश्न आहे: कुठली हालचाल अडते?

दोन मिनिटांची तपासणी

खांद्याची जी तपासणी सगळ्यात जास्त सांगून जाते, तिला यंत्र लागत नाही. दोन्ही कोपरं बरगड्यांना चिकटवायची, कोपरात हात काटकोनात वाकवायचे, पंजे समोर. आता कोपरं न हलवता पंजे बाहेरच्या बाजूला न्यायचे, दाराच्या दोन झडपा उघडाव्यात तसे. निरोगी हात बराच बाहेर जातो. त्यानंतर हीच हालचाल डॉक्टर स्वतःच्या हाताने, पेशंटने अंग सैल सोडलेलं असताना, करून पाहतात.

इथे वाटा फुटतात. पेशंटने केली तरी हात जात नाही आणि डॉक्टरांनी हळूच नेला तरी तिथंच अडतो, तर सांधाच आखडला आहे. तो बहुधा फ्रोझन शोल्डर असतो किंवा मग सांध्याची झीज. या दोघांत फरक करायला साधा एक्स-रे पुरतो: झीज एक्स-रेवर दिसते, फ्रोझन शोल्डरमध्ये एक्स-रे जवळजवळ नॉर्मल येतो. पडल्यानंतर, विजेचा झटका बसल्यानंतर किंवा फिट येऊन गेल्यानंतर हात असा अडकला असेल, तर खांदा मागच्या बाजूला निखळलेला असू शकतो. तो पटकन ध्यानात येत नाही, म्हणून तो प्रसंग डॉक्टरांना आवर्जून सांगायला हवा.

डॉक्टरांनी उचलला तर हात पूर्ण वर जातो, पण स्वतः उचलताना मधल्या टप्प्यात कळ येते किंवा ताकद पुरत नाही, तर संशय रोटेटर कफवर जातो. खांद्याच्या गोल हाडाला खोबणीत धरून ठेवणाऱ्या चार स्नायूंच्या टेंडनचा हा पट्टा. चाळिशीनंतर पडण्याचं निमित्त झालं आणि त्यानंतर अचानक हात उचलेनासा झाला, तर हा पट्टा फाटला असण्याची शक्यता असते. तिथे 'बघू महिनाभर' हे धोरण उपयोगाचं नाही, अस्थिरोगतज्ज्ञाकडे लगेच जायला हवं.

आणि खांद्याच्या सगळ्या हालचाली पूर्ण होतात, एकाही हालचालीत कळ येत नाही, तरीही हात दुखतोच आहे, तर कारण खांद्याबाहेर शोधायचं.

एमआरआयमध्ये दिसलं म्हणजे तेच कारण?

पुष्कळ पेशंट स्वतःच म्हणतात, 'डॉक्टर, एकदा एमआरआय काढूनच टाकू.' काही हजार रुपये जातात, पण मनाला खात्री वाटते. अडचण अशी आहे, की एमआरआय फार दाखवतो.

अमेरिकेत १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, खांदा अजिबात दुखत नसलेल्या ९६ जणांचे एमआरआय काढले गेले. त्यातल्या ३४ टक्के लोकांच्या रोटेटर कफमध्ये कमीअधिक फाट सापडली. साठीपुढच्यांमध्ये हे प्रमाण ५४ टक्के होतं. मानेचंही तसंच. जपानमध्ये कसलीही तक्रार नसलेल्या १,२११ जणांच्या मानेचे एमआरआय तपासण्यात आले, त्यात सुमारे ८८ टक्के लोकांची किमान एक चकती बाहेर आलेली दिसली. हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला.

म्हणजे पन्नाशीच्या माणसाच्या मानेचा फोटो काढला की त्यात काहीतरी सापडणारच. केस पिकावेत, तशी टेंडन आणि चकत्या वयानुसार झिजतात. ती झीज आणि आत्ताचं दुखणं यांचा संबंध आहे की नाही, हे फोटो सांगत नाही, हातानं केलेली तपासणी सांगते. आपल्याकडे 'स्पाँडिलायटिस' हे निदान इतक्या उदारपणे वाटलं जाण्याचं एक कारण हेही असावं.

याचा अर्थ एमआरआय वाया जातो, असा मुळीच नाही. टेंडन फाटल्याची दाट शंका असेल, ऑपरेशनचा विचार असेल, हातातली ताकद कमी होत चालली असेल, गाठ किंवा जंतुसंसर्गाचा संशय असेल, तर तो हवाच. पण 'या रिपोर्टमुळे उपचारात काय बदलणार आहे?' हा प्रश्न डॉक्टरांना विचारण्यात काहीच गैर नाही.

फोटोवरून ऑपरेशनकडे धावण्याबद्दलही एक गोष्ट माहीत असावी. टेंडनला जागा व्हावी म्हणून खांद्याचं हाड थोडं तासण्याचं ऑपरेशन जगभर लाखोंनी झालं. ब्रिटनमध्ये ३१३ पेशंटवर त्याची चाचणी घेतली गेली. काहींचं हाड तासलं, काहींच्या खांद्यात नुसती दुर्बीण घालून बाहेर काढली आणि काहींवर काहीच केलं नाही. २०१८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेले निष्कर्ष सांगतात, की हाड तासलेले आणि नुसती दुर्बीण घातलेले यांच्यात फरक पडला नाही. काहीच न केलेल्यांपेक्षा हे दोन्ही गट किंचित बरे होते, पण तो फरक पेशंटला जाणवेल इतका नव्हता.

खांदा आखडला? मग शुगर तपासा

'फ्रोझन शोल्डर' हे नाव बोस्टनचे सर्जन अर्नेस्ट कॉडमन यांनी १९३४ साली आपल्या पुस्तकात वापरलं. हळूहळू सुरू होणारं, दंडात जाणवणारं दुखणं, त्या कुशीवर झोपता न येणं, हात वर आणि बाहेर न जाणं आणि तरीही नॉर्मल एक्स-रे, हे त्यांनी केलेलं वर्णन आजही जसंच्या तसं लागू पडतं. आयुर्वेदात अशाच दुखण्याला 'अवबाहुक' म्हणतात.

सांध्याभोवती एक पातळ, सैल पिशवी असते. या आजारात तिला सूज येते, मग ती जाड होऊन आकसते. पहिले काही महिने दुखणं जास्त, रात्रीची झोप उडालेली. नंतर दुखणं उतरतं पण हात जाम होतो आणि त्यानंतर तो हळूहळू सुटू लागतो. हा सगळा प्रवास एक ते तीन वर्षांचा असू शकतो. 'आपोआप बरा होतो' हे अर्धसत्य आहे, कारण काहींची थोडी हालचाल कायमची कमी राहते.

हा आजार साधारण ४० ते ६० या वयात येतो, बायकांना जास्त होतो आणि मधुमेहाशी त्याचं नातं फार जवळचं आहे. सर्वसाधारण लोकांमध्ये तो शंभरात दोन ते पाच जणांना होतो असं मानलं जातं, मधुमेह असलेल्यांमध्ये दहा ते वीस जणांना. रक्तातल्या जादा साखरेमुळे सांध्याच्या पिशवीतलं कोलॅजेन कडक होतं, हे त्याचं एक स्पष्टीकरण. थायरॉइडच्या पेशंटमध्येही तो जास्त दिसतो.

आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि अनेकांना तो आहे हे माहीतच नसतं. पडणं-झडणं काही नाही, वय पंचेचाळीस आणि खांदा आखडला, अशा वेळी उपाशीपोटीची शुगर किंवा एचबीए१सी तपासून घेणं एमआरआयपेक्षा कितीतरी स्वस्त आणि बऱ्याचदा जास्त मोलाचं ठरतं. खांद्याच्या निमित्तानं मधुमेह कळला, असे पेशंट डॉक्टरांना नवे नाहीत.

उपचारात सुरुवातीला दुखणं कमी करण्यावर भर असतो. सांध्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं तर पहिल्या काही आठवड्यांत चांगला आराम पडतो. 'स्टिरॉइड' म्हटलं की घाबरण्याचं कारण नाही, मात्र मधुमेहींची शुगर त्यानंतर काही दिवस चढते, तेव्हा ती मोजत राहायला हवी. त्याच्या जोडीला फिजिओथेरपी. ब्रिटनमध्ये ५०३ पेशंटवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत इंजेक्शनसह फिजिओथेरपी, भूल देऊन हात मोकळा करणं आणि दुर्बिणीतून पिशवी सोडवणं या तिन्हींची तुलना झाली. वर्षभराने तिन्ही गट बरेच सुधारले होते आणि कुठलाही एक उपाय इतरांपेक्षा ठळकपणे सरस ठरला नाही. जोरात ओढून, हिसका देऊन खांदा 'मोकळा' करून घेणं मात्र टाळावं. दुखऱ्या टप्प्यात त्याने सूज वाढते आणि हाडं ठिसूळ असतील तर हाड मोडूही शकतं.

थांबायचं नाही अशा वेळा

हात दुखतोय आणि सोबत छातीत दडपण, घाम, धाप, मळमळ किंवा जबडा दुखतोय, तर खांद्याचा विचार सोडून १०८ ला फोन करायचा. मधुमेहींमध्ये आणि बायकांमध्ये हृदयविकाराच्या झटक्यात छातीत न दुखता नुसता हात किंवा पाठ दुखू शकते. चालताना, जिना चढताना हात दुखतो आणि थांबलं की थांबतो, हेही हृदयाकडे बोट दाखवतं, कारण बिघडलेला खांदा जिना चढल्यानं दुखत नाही.

उजव्या खांद्यात, विशेषतः तेलकट जेवणानंतर दुखत असेल, तर पित्ताशयात खडे असू शकतात. तंबाखू किंवा सिगारेटचं व्यसन, खांद्यापासून करंगळीपर्यंत आतल्या बाजूनं उतरणारं सततचं दुखणं, वजन घटणं किंवा त्याच बाजूची पापणी खाली येणं, असं असेल तर छातीचा एक्स-रे लागतो. फुफ्फुसाच्या टोकाशी होणारा कर्करोग महिनोन्महिने मानेचं दुखणं म्हणून अंगावर काढला जातो. ताप, संध्याकाळची कणकण, लाल-गरम सांधा, एकाएकी लुळा पडलेला हात, दोन्ही हातापायांत अवघडलेपण किंवा लघवीवरचा ताबा जाणं, यापैकी काहीही वाट पाहण्यासारखं नाही.

डॉक्टरांसमोर काय सांगायचं?

'खूप दुखतं' एवढ्यानं डॉक्टरांना फारसं काही कळत नाही. जाण्याआधी चार दिवस कागदावर लिहून ठेवलं, तर पाच मिनिटांच्या भेटीतही काम होतं. दुखणं कधी आणि कशाने सुरू झालं. कुठली तीन कामं पूर्वी जमायची आणि आता जमत नाहीत. रात्री जाग येते का, कुठल्या कुशीवर. मुंग्या येत असतील तर कुठल्या बोटांना. शुगर, थायरॉइड, चालू गोळ्या. नुकतंच छातीचं किंवा स्तनाचं ऑपरेशन झालं असेल, हात बरेच दिवस झोळीत असेल, तर तेही, कारण त्यानंतर खांदा आखडण्याचा धोका वाढतो.

दुखणं कमी होईपर्यंत झोपताना पाठीवर पडून दुखऱ्या हाताच्या दंडाखाली घडी केलेली चादर किंवा छोटी उशी ठेवली, तर खांदा मागे लोंबत नाही आणि रात्र जरा बरी जाते. हात गळ्यात बांधून ठेवायचा नाही, जेवढा हलतो तेवढा दिवसातून चार-पाच वेळा हलवत राहायचा. आणि सांगितलेला व्यायाम नेमाने करून सहा आठवड्यांत काहीच फरक पडला नाही, तर नवा डॉक्टर शोधण्याआधी त्याच डॉक्टरांकडे परत जाऊन 'दुसरं काही असू शकेल का?' असं स्पष्ट विचारायचं. पहिल्या दिवशी खांदा किती हलत होता, हे त्यांनी पाहिलेलं असतं. नव्या डॉक्टरांना ते कुठल्याच रिपोर्टमध्ये सापडत नाही.