मॅकची जुनी गाठोडी लिनक्सवर सोडवताना

१९८७च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या स्टायव्हेसंट हायस्कूलमधल्या रेमंड लाऊ या विद्यार्थ्याने मॅकिंटॉशसाठी ‘स्टफइट’ हा प्रोग्रॅम लिहिला. पाचपन्नास फाइली दाबून त्यांचं एकच गाठोडं बांधायचं, एवढंच त्याचं काम. तेव्हा मॅकच्या फ्लॉपीत ८०० किलोबाइट मावत आणि मोडेम फोनच्या तारेवर चाले. फाइल लहान, तर फोनचं बिलही लहान. १९८८मध्ये या प्रोग्रॅमच्या विक्रीसाठी अलादीन सिस्टिम्स ही कंपनी उभी राहिली आणि नव्वदच्या दशकात मॅकवरचे फॉन्ट, खेळ, लेख, चित्रं असं बहुतेक सगळं ‘डॉट सिट’ एक्स्टेन्शन लावून फिरू लागलं.

हा ऐवज जुन्या सीडींवर आणि इंटरनेटवरच्या संग्रहांत आजही पडून आहे. तो लिनक्सवर उघडायला गेलं की दोन अडचणी येतात. फाइल कशी दाबली आहे ही एक, आणि मॅकची फाइल म्हणजे नेमकं काय ही दुसरी. दुसरी अधिक चिवट.

लिनक्सच्या लेखी फाइल म्हणजे बाइटांची एक सलग ओळ. जुन्या मॅकच्या फाइलीला मात्र दोन भाग असत. ‘डेटा फोर्क’मध्ये मजकूर आणि ‘रिसोर्स फोर्क’मध्ये आयकॉन, मेनू, खिडक्या, इतकंच काय, प्रोग्रॅमचा कोडसुद्धा. शिवाय फाइल कुठल्या प्रकारची आणि कुठल्या प्रोग्रॅमने बनवली, हे सांगणारे चार-चार अक्षरांचे दोन संकेत वेगळेच. मॅकच्या फॉन्ट सूटकेसमध्ये सगळा माल रिसोर्स फोर्कमध्ये असे, डेटा फोर्क रिकामा. अशी फाइल नुसती दुसऱ्या यंत्रावर टाकली की नाव तेच राहतं आणि आकार दिसतो शून्य बाइट.

म्हणूनच मॅकवाल्यांनी दोन्ही भाग एकत्र ठेवणारी वेष्टनं काढली. मॅकबायनरीत आधी १२८ बाइटांचा मथळा, मागोमाग दोन्ही फोर्क. बिनहेक्सने पुढची पायरी गाठली. ईमेलमधून फक्त साधी अक्षरं सुखरूप जात, म्हणून त्याने सगळी फाइलच ६४ छापील चिन्हांत उतरवली. फाइल फुगायची, पण पोहोचायची. त्यामुळे एकाच फाइलीवर बाहेर बिनहेक्स आणि आत स्टफइट असे दोन थर सर्रास सापडतात.

आता दाबण्याची पद्धत. सुरुवातीच्या स्टफइटमध्ये हफमन आणि एलझेडडब्ल्यू या सर्वांना माहीत असलेल्या रीती होत्या. पुढच्या आवृत्त्यांत कंपनीने आपल्या रीती आणल्या आणि त्यांचा तपशील उघड केला नाही. १९९८च्या पाचव्या आवृत्तीने तर फाइलची रचनाच बदलली, त्यामुळे नवं गाठोडं जुन्या स्टफइटलाही सुटेना. अॅपलने २००३च्या पँथर या मॅक ओएसच्या आवृत्तीत झिपची सोय मॅकमध्येच दिली आणि २००५च्या टायगर या आवृत्तीसोबत गाठोडी सोडवणारा स्टफइट एक्सपांडर देणं बंद केलं. स्टफइटचा जमाना सरला, गाठोडी उरली.

ती सोडवली बाहेरच्यांनी. अॅमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या गणित-संगणक संस्थेतल्या डिक विंटर यांचं ‘मॅकयुटिल्स’ जुन्या आवृत्त्यांची स्टफइट गाठोडी युनिक्सवर उघडत असे. नंतर फिनलंडच्या डाग ऑग्रेन यांनी ‘द अनआर्कायव्हर’ लिहिला. नंतरच्या स्टफइटच्या गुप्त रीतीही त्यात उलगडल्या आहेत आणि त्याच्या कमांड लाइन आवृत्तीचा सोर्स कोड खुला आहे. उबुंटू-डेबियनवर तीच ‘अनआर’ नावाच्या पॅकेजमधून मिळते.

प्रत्यक्ष काम असं. आधी ‘फाइल’ ही कमांड चालवून गाठोडं खरंच स्टफइटचं आहे का ते पाहावं. हेक्सडंपने डोकावलं तर जुन्या स्टफइटच्या पहिल्या २२ बाइटांच्या मथळ्यात ‘एसआयटी’ आणि उद्गारचिन्ह दिसतं आणि जरा पुढे ‘आर लाऊ’. त्या शाळकरी पोराची सही अशा जुन्या गाठोड्यांवर आहे. मग ‘एलएसएआर’ने आतली यादी पाहावी आणि ‘अनआर’ने फाइली बाहेर काढाव्यात. रिसोर्स फोर्क असेल तर तो ‘आरएसआरसी’ एक्स्टेन्शनच्या वेगळ्या फाइलीत येतो. कचरा समजून तो पुसू नये. फॉन्ट असेल तर खरा माल तिथेच आहे.

इतकं करूनही मजकूर एकाच लांबलचक ओळीत दिसतो, कारण मॅक ओळ संपवायला वेगळं चिन्ह वापरी. ते ‘टीआर’ कमांडने बदलता येतं. अवतरणचिन्हांच्या जागी भलतीच अक्षरं आली तर मॅक रोमन या मॅकच्या जुन्या अक्षरसंकेतातून युनिकोडमध्ये ‘आयकॉन्व्ह’ने रूपांतर करावं. आणि बाहेर काढलेला प्रोग्रॅम लिनक्सवर चालत नाहीच. जुना प्रोग्रॅम बहुधा मोटोरोलाच्या ६८००० मालिकेतल्या प्रोसेसरसाठी लिहिलेला असतो. त्यासाठी बॅसिलिस्क टू किंवा मिनी व्हीमॅक हा एम्युलेटर लागतो.

आपल्याकडेही नव्वदच्या दशकात डीटीपीचं काम मॅकवर झालं. त्या मराठी फाइलींना आणखी एक अडचण आहे. युनिकोडपूर्व देवनागरी फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवत, त्यामुळे मूळ फॉन्ट हरवला की मजकूर असूनही वाचता येत नाही. तेव्हा घरात किंवा छापखान्यात जुनी सीडी असेल, तर आधी तिची जशीच्या तशी प्रत काढा, फॉन्टसकट सगळी गाठोडी सोडवा, मजकूर युनिकोडमध्ये आणा. आणि सगळं नीट उघडलं तरी मूळ ‘डॉट सिट’ फाइल जपून ठेवा.