फळ्यावर काय लिहिले, तेही सांगा

कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठाने आपली व्याख्याने इंटरनेटवर फुकट खुली केली होती. पण गॅलॉडेट या कर्णबधिरांच्या विद्यापीठातील दोन कर्णबधिर कर्मचाऱ्यांना त्यांचा उपयोग होईना. अनेक व्हिडिओंना सबटायटल्स नव्हती. काहींना होती, ती यंत्राने केलेली आणि चुकांनी भरलेली. तक्रार झाली. अमेरिकेच्या न्याय विभागाने २०१६ मध्ये बर्कली विद्यापीठावर ठपका ठेवला. मग विद्यापीठाने काय करावे? खर्चाचे कारण देत २०१७ मध्ये २०,००० हून अधिक व्हिडिओ आणि ध्वनिफिती बाहेरच्या सर्वांसाठीच बंद केल्या! रोगापेक्षा इलाज भयंकर. शेवटी २०२२ मध्ये न्यायालयीन तडजोड झाली आणि मजकूर सुगम करण्याचे विद्यापीठाला मान्य करावे लागले.

खरे तर सगळ्याच गोष्टींना पैसा लागत नाही. फळ्यावर लिहिताना शिक्षक ‘ही संख्या इथून तिथे नेली’ म्हणाले, तर ते अंध विद्यार्थ्याला निरर्थक. ‘डावीकडचे पाच उजवीकडे नेले, चिन्ह बदलले’ म्हटले की गणित कळते. यंत्राची सबटायटल्स मात्र माणसाने तपासायलाच हवीत, विशेषतः सूत्रे आणि विशेषनामे.

भारतात केंद्र सरकारच्या पीएम ई-विद्या या शैक्षणिक उपक्रमाची ३१ क्रमांकाची वाहिनी डिसेंबर २०२४ पासून भारतीय सांकेतिक भाषेला वाहिलेली आहे.