पुण्याचा फ्लॅट इंग्लंडातही मोजला जातो

इंग्लंडमध्ये घर घ्यायला निघालेली मराठी जोडपी आमच्या सॉलिसिटरच्या ऑफिसात आली, की माझा पहिला प्रश्न ठरलेला : भारतात कुणाच्या नावावर घर आहे का? ‘‘आहे ना, कोथरूडला. पण ते बाबांनी घेतलंय, माझं नुसतं नाव लावलंय,’’ असं उत्तर हमखास येतं.

त्या नुसत्या नावाने सगळा हिशेब फिरू शकतो. इथली स्टॅम्प ड्युटी जगभरातली घरं धरते. समजा, घर 4 लाख पौंडांचं आहे. दोघांच्याही नावावर आजवर कुठेच घर झालेलं नसेल, तर सध्याच्या दराने कर 5,000 पौंड. पण एकाकडे पुण्याचा फ्लॅट असेल आणि त्यातल्या वाट्याची किंमत 40,000 पौंड किंवा जास्त असेल, तर पहिल्या घराची सवलत जाते, वर पाच टक्के जादा लागतात. एकूण 30,000! नवं घर एकट्या बायकोच्या नावावर घेऊनही उपयोग नाही; एकत्र राहणाऱ्या नवरा-बायकोला या करासाठी एकच धरतात. म्हणून मी कळकळीने सांगते : घरं बघत फिरण्याआधी पुण्याहून इंडेक्स टू मागवा. मालकी नेमकी कुणाची, किती, हे आधी कागदावर बघू.

दुसरं, ऑफर मान्य झाली म्हणून लगेच पेढे वाटू नका. तेव्हा विकणारा कशानेच बांधलेला नसतो. कुणी जास्त दिले तर तो त्यांना घर देऊ शकतो, आणि तुमचे सर्व्हेचे, वकिलाचे पैसे बुडतात. मला ही पद्धत अन्यायाचीच वाटते. पण याच काळात आम्ही कौन्सिलकडून, पाणी कंपनीकडून माहिती मागवतो. फ्लॅट असेल तर लीजची किती वर्षं उरलीत ते तपासतो. त्यात खोट निघाली तर तुम्हीही मोकळे.

व्यवहार पक्का होतो तो कराराच्या प्रतींची अदलाबदल झाल्यावर. सब-रजिस्ट्रारसमोर अंगठा नाही, फोटो नाही. दोन्हीकडच्या सह्या आधीच झालेल्या असतात. दोन वकील फोनवर बोलतात, तारीख, किंमत, डिपॉझिट पुन्हा वाचतात, घड्याळातली वेळ लिहून घेतात. त्या मिनिटापासून माघार घेतली तर साधारण दहा टक्के डिपॉझिट जातं. किल्ली मिळते ठरलेल्या दिवशी, उरलेली रक्कम पोचल्यावर. मग 14 दिवसांत स्टॅम्प ड्युटी भरायची आणि लँड रजिस्ट्रीकडे नाव लावायला अर्ज करायचा.